अमेरिकेंत कंपनी कोणत्या राज्यांत नोंदवावी?

मागील महिन्यांत मंडळाची सभा आटोपल्यावर सांगलीकडील एक सभासद गृहस्थ मजजवळ येऊन बसले. त्यांची हळदीची बागाईत चांगली आहे, आणि चिरंजीव पुण्यास संगणकाच्या एका कंपनींत नोकरीस आहेत. घरच्या हळदीची पूड करून ती अमेरिकेंतील आपल्या लोकांस परस्पर विकावी, मधल्या चार हातांचा नफा आपल्या पदरांत पडावा, असा चिरंजिवांचा बेत असून त्यासाठीं तेथें एक कंपनी काढण्याचें त्यांनीं ठरविलें होतें. एका दलालाचें पत्रक त्यांनीं मला दाखविलें. त्यांत लिहिलें होतें कीं, वायोमिंग राज्यांत कंपनी नोंदवावी, तेथें कर मुळींच नाहीं, मालकाचें नांव गुप्त राहतें, आणि आठ दिवसांत सर्व कागद घरपोंच मिळतात. गृहस्थ म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचा सारा जन्म नोंदींत गेला. ही गोष्ट खरी कीं खोटी तेवढें सांगा, म्हणजे पोराला पैसे द्यावयाचे कीं नाहीं तें ठरवीन."

मी मराठी शाळेंत शिकलेला मनुष्य. इंग्रजी कायद्याचा कागद वाचतांना शब्दकोश उजव्या हाताशीं ठेवावा लागतो. परंतु तहसील कचेरींत फेरफार, सातबारा आणि सारावसुली यांत हाडें झिजविल्यामुळें एक गोष्ट ठाऊक आहे. सरकार कोणतेंहि असो, नोंद कोठें करावयाची, पट्टी कोठें भरावयाची आणि नोटीस कोणाच्या हातीं पडावयाची, या तीन प्रश्नांचीं उत्तरें निरनिराळीं काढलीं म्हणजे कागद उलगडतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सनदी हिशेबतपासनिसाकडून आंकडे तपासून घेऊन मीं जें समजून घेतलें तें येथें देत आहें. आणखीहि कांहीं सभासदांचीं मुलें याच विचारांत आहेत असें ऐकतों, म्हणून तें मासिकांतून प्रसिद्ध करणें बरें वाटलें. राज्यांच्या फीचे आंकडे सन २०२४ चे आहेत. ते वेळोवेळीं बदलतात, म्हणून प्रत्यक्ष पैसे भरतांना त्या त्या राज्याच्या कचेरीचा चालू दर पाहावा.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, अमेरिकेंत कंपनी नोंदविण्याची एक सरकारी कचेरी नाहीं. आपल्याकडे पुण्यास नोंदवा कीं मुंबईस नोंदवा, कायदा एकच, सन २०१३ चा कंपनी कायदा. तेथें पन्नास राज्यें असून प्रत्येकाचा कंपनी कायदा निराळा, फी निराळी आणि वार्षिक पट्टीहि निराळी. वॉशिंग्टनचें मध्यवर्ती सरकार आयकर घेतें, परंतु साधारण व्यापारी कंपनीस जन्म देत नाहीं. तो राज्यानें द्यावयाचा. यांतील एक मौज अशी कीं, तेथील कायद्याच्या भाषेंत 'परकी कंपनी' म्हणजे परदेशांतील नव्हे, तर शेजारच्या राज्यांत नोंदलेली कंपनी होय. न्यू जर्सीच्या दृष्टीनें वायोमिंगची कंपनी परकीच. आपल्याकडे दुसऱ्या तालुक्यांतून येऊन जमीन करणाऱ्यास गांवकरी उपरा म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

आतां मुख्य मुद्दा. दलाल लोक 'अमुक राज्यांत कर नाहीं' असें सांगतात तेव्हां तें वाक्य अर्धेंच खरें असतें. एखाद्या खातेदाराचें घर मिरजेस आहे आणि जमीन जत तालुक्यांत आहे, तर साऱ्याची पावती जतच्या तलाठ्याकडूनच घ्यावी लागते. घर कोठें आहे याशीं त्या जमिनीच्या साऱ्याचा संबंध नाहीं. कंपनीचेंहि तसेंच आहे. नोंदणीचें राज्य हें तिचें जन्मगांव. माल जेथें ठेवला, नोकर जेथें बसला, कचेरी जेथें उघडली, तें तिचें शेत. राज्याचा उत्पन्नावरील कर बहुतांशीं शेताच्या गांवीं द्यावयाचा असतो, जन्मगांवीं नव्हे. आणि मध्यवर्ती सरकारचा कंपनी आयकर तर कोणत्याहि राज्यांत नोंदविलें तरी सारखाच आहे. सन २०१७ च्या कायद्यानें तो सन २०१८ पासून शेंकडा २१ ठरला असून त्यापूर्वीं तो शेंकडा ३५ पर्यंत होता. वायोमिंगमध्यें नोंदविल्यानें त्यांतील एक पैहि कमी होत नाहीं.

मग सर्व मोठ्या कंपन्या डेलावेअर येथेंच कां नोंदवितात, असा प्रश्न सुज्ञ वाचक करतील. तो योग्य असून त्याचें उत्तर थोडें विस्तारानें देण्यासारखें आहे.

डेलावेअर हें राज्य आपल्या सांगली जिल्ह्याहूनहि लहान; त्यांत अवघ्या तीन कौंट्या, म्हणजे तीन तालुके म्हणाना. दक्षिणेकडील ससेक्स कौंटी कोंबड्यांच्या धंद्यासाठीं साऱ्या देशांत प्रसिद्ध असून त्या कोंबड्यांस लागणारा मका व सोयाबीन तेथील शेतकरी पिकवितात. सन २०२० च्या शिरगणतींत राज्याची लोकसंख्या दहा लाखांच्या आंत होती. पण तेथें नोंदलेल्या कंपन्या व तत्सम संस्था वीस लाखांवर गेल्या आहेत. माणसांपेक्षां कंपन्या दुप्पट! विल्मिंग्टन शहरांतील नॉर्थ ऑरेंज रस्त्यावरील एका ठेंगण्या इमारतीचा पत्ता सन २०१२ च्या सुमारास अडीच लाखांहून अधिक कंपन्यांनीं आपला म्हणून दिला होता. यांत गूढ कांहीं नाहीं. प्रत्येक कंपनीनें नोंदणीच्या राज्यांत 'रजिस्टर्ड एजंट' ठेवलाच पाहिजे, म्हणजे कोर्टाचें समन्स वा सरकारी नोटीस घेणारा इसम, ज्याचा खराखुरा पत्ता त्या राज्यांत आहे. अशा एका एजंटाचें तें बिऱ्हाड होय. पूर्वीं आपल्या गांवीं खातेदार सांपडला नाहीं तर नोटीस चावडीवर डकवीत. तेथें चावडीऐवजीं हा एजंट.

हें सर्व घडलें कसें तें पाहण्यासारखें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं मोठ्या कंपन्यांचें माहेर न्यू जर्सी होतें. त्या राज्यानें सन १८९६ सालीं सढळ कायदा करून साऱ्या देशांतील भांडवलवाले आपल्याकडे ओढले आणि त्यांच्या पट्टीवर राज्याचा खर्च भागविला. शेजारच्या डेलावेअरनें तें पाहून सन १८९९ सालीं तसाच कायदा केला. पुढें सन १९१३ सालीं न्यू जर्सीचे गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनीं राज्य सोडून राष्ट्राध्यक्षपदीं जातां जातां मक्तेदारीविरुद्ध सात कायदे एकदम मंजूर करून घेतले; तेव्हां कंपन्यांनीं बिऱ्हाड उचललें व त्या नदीपलीकडे डेलावेअरांत गेल्या. न्यू जर्सीनें ते कायदे मागाहून सैल केले, पण गेलेलीं कुळें परत आलीं नाहींत.

डेलावेअरचें दुसरें बळ म्हणजे तेथील चॅन्सरी न्यायालय. हें सन १७९२ पासून चालत आलेलें असून त्यांत ज्यूरी नसते. कंपनी कायद्यांत मुरलेले न्यायाधीश स्वतः निकाल देतात. शंभर वर्षांचे निकाल सांठल्यामुळें कोणत्या वादांत काय होईल हें वकिलांस आधींच सांगतां येतें. म्हणून दुसऱ्याच्या धंद्यांत मोठें भांडवल घालणारे सावकार 'डेलावेअरची कॉर्पोरेशन असेल तरच पैसे देऊं' असें म्हणतात. हा गुण मोठा खरा. पण तो कोणास? ज्यास पुढें बाहेरच्या भागीदारांचें भांडवल उभारावयाचें आहे त्यास. घरच्या हळदीच्या चार पोत्यांस चॅन्सरी न्यायालयाचा काय उपयोग, हें ज्याचें त्यानें ठरवावें. शिवाय हल्लीं या गादीलाहि थोडा धक्का बसला आहे. सन २०२४ च्या जानेवारींत त्या न्यायालयानें मोटारी करणाऱ्या टेस्ला कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याचा प्रचंड मेहनताना रद्द ठरविल्यावर त्या कंपनीनें त्याच वर्षीं आपली नोंद टेक्सास राज्यांत नेली, आणि सन २०२५ च्या मार्चांत डेलावेअरनें आपल्या कायद्यांत घाईनें दुरुस्ती केली.

डेलावेअरच्या पट्टीविषयीं एक सांपळा सांगून ठेवतों. एल.एल.सी. या प्रकारच्या कंपनीस तेथें वर्षास सरसकट ३०० डॉलर, तारीख १ जूनच्या आंत. कॉर्पोरेशनची पट्टी मात्र मंजूर भागांच्या संख्येवर आकारतात व ती तारीख १ मार्चच्या आंत भरावयाची. पांच हजार भागांपर्यंत १७५ डॉलर आणि अहवालाची फी ५० डॉलर. परंतु नव्या कंपन्यांचे वकील रिवाजानें एक कोट भाग मंजूर करून घेतात, आणि मग वर्षअखेर जें बिल येतें तें ८५,१६५ डॉलरांचें! पुण्याच्या एका होतकरू मुलानें तें बिल पाहून दोन रात्री झोंप घेतली नव्हती, असें आमच्या हिशेबतपासनिसांनीं सांगितलें. वस्तुतः कायद्यांतच आकारणीची दुसरी रीत दिली आहे. कंपनीची मालमत्ता थोडी असेल तर त्या रीतीनें आकार किमान ४०० डॉलरांवर येतो. पण ती रीत आपण होऊन मागावी लागते. आकारणी चुकली तर अर्ज करावा लागतो, कचेरी आपण होऊन कमी करीत नाहीं. हें मला नवें नव्हतें.

आतां वायोमिंग. गुराढोरांचा, कोळशाचा आणि माळरानांचा हा प्रदेश, लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास. एल.एल.सी. म्हणजे मर्यादित जबाबदारीची, पण भागीदारीसारखी सुटसुटीत कंपनी. ही कल्पना अमेरिकेंत पहिल्यानें सन १९७७ सालीं याच राज्यानें कायद्यांत आणली, हें त्याचें श्रेय. नोंदणी १०० डॉलर, पुढें दरसाल किमान ६० डॉलर, आणि राज्याचा आयकर ना कंपनीवर ना माणसावर. इतकें दलालाच्या पत्रकांतलें खरें. मालकाचें नांव राज्याच्या दप्तरांत लिहीत नाहींत हेंहि खरें. परंतु मध्यवर्ती आयकर खात्याचा नऊ आंकडी क्रमांक मागतांना जबाबदार माणसाचें नांव द्यावेंच लागतें, बँक मालकाचें पारपत्र मागते, आणि आपल्या रिझर्व्ह बँकेपासून तर कांहींच लपवितां येत नाहीं. तेव्हां गुप्तता राहिली कोणापासून? (खरे मालक कोण तें सरकारास कळविण्याचा एक मध्यवर्ती नियम सन २०२४ पासून अंमलांत आला होता, अमेरिकेंतच जन्मलेल्या कंपन्यांस त्यांतून सन २०२५ च्या मार्चांत सूट देण्यांत आली.)

नेवाडाचेंहि नांव असेंच घेतात. तेथें आयकर नाहीं, पण एल.एल.सी.स वार्षिक यादी १५० आणि परवाना २०० मिळून ३५० डॉलर पडतात, म्हणजे वायोमिंगच्या जवळजवळ सहापट. न्यू मेक्सिकोंत ५० डॉलरांत एल.एल.सी. होते व तिला वार्षिक अहवाल नाहीं. कॅलिफोर्नियांत धंदा करणाऱ्या एल.एल.सी.स, नफा असो वा नसो, दरसाल किमान ८०० डॉलर द्यावे लागतात, मग ती कोठेंहि जन्मलेली असो. न्यू यॉर्कचा रिवाज मला आवडला: नव्या एल.एल.सी.नें १२० दिवसांच्या आंत दोन वृत्तपत्रांतून सहा आठवडे जाहिरात द्यावयाची. आपल्याकडील जमीनखरेदीच्या जाहीर नोटिसीची आठवण होते. मात्र तेथील वृत्तपत्रांचा दर पाहून ती आवड टिकत नाहीं.

आतां आमच्या सभासदांचाच हिशेब मांडतों. त्यांचे मेहुणे न्यू जर्सी राज्यांत राहतात आणि माल त्यांच्या ओळखीच्या वखारींत ठेवावयाचा असें ठरलें होतें. माल न्यू जर्सींत, तो पाहणारा माणूस न्यू जर्सींत, गिऱ्हाईकहि बव्हंशीं तेथलेंच. म्हणजे शेत न्यू जर्सींत झालें. वायोमिंगांत कंपनी काढली तर १०० डॉलर नोंदणी आणि सुमारें १०० डॉलर एजंटाचे. पुढें दरसाल ६० आणि १००. यानंतर न्यू जर्सींत 'परकी कंपनी' म्हणून परवान्याचे १२५ डॉलर, दरसाल अहवालाचे ७५ डॉलर आणि तेथील कर आहेतच. उलट मूळ नोंदच न्यू जर्सींत केली तर १२५ डॉलर नोंदणी, ७५ डॉलर वार्षिक, आणि एजंट म्हणून मेहुण्यांचेंच नांव व पत्ता चालतो. तेथील कर दोहोंकडे सारखाच: कॉर्पोरेशनला पन्नास हजार डॉलरपर्यंतच्या नफ्यावर शेंकडा साडेसहा, आणि एकूण विक्री लाख डॉलरांच्या आंत असली तरी किमान ५०० डॉलर. तात्पर्य, वायोमिंगच्या वाटेनें पहिल्या वर्षीं २०० आणि पुढें दरसाल १६० डॉलर हा निव्वळ जादा भुर्दंड. कर वांचविण्यासाठीं म्हणून निघालेला मनुष्य एक पट्टी जास्त भरून परत येतो, तो असा.

न्यू जर्सीचा परवाना न काढतां गप्प बसलें तर काय, असें चिरंजिवांनीं विचारलें. विनापरवाना धंदा करणाऱ्या परक्या कंपनीस त्या राज्याच्या कोर्टांत दावा लावतां येत नाहीं. गिऱ्हाइकानें पैसे बुडविले तर हात चोळीत बसावें लागेल, आणि मागील पट्ट्या दंडासह भरल्याशिवाय दार उघडणार नाहीं.

विक्रीकराचा प्रश्न नोंदणीहून अगदींच निराळा आहे. सन १९९२ च्या एका निकालाप्रमाणें ज्या राज्यांत विक्रेत्याचें ठाणें नाहीं तें राज्य त्याजकडून विक्रीकर गोळा करवूं शकत नसे. सन २०१८ सालीं साउथ डाकोटा राज्याच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. तेव्हांपासून ठाणें नसलें तरी एखाद्या राज्यांत ठराविक रकमेवर विक्री झाली कीं तेथें विक्रीकराची नोंदणी करावी लागते; साउथ डाकोटापुरती ती रक्कम एक लाख डॉलर आहे. खाण्याच्या पदार्थांस न्यू जर्सीसह बऱ्याच राज्यांत सूट आहे, हें आपल्या मालाचें भाग्य. पण डेलावेअरांत विक्रीकर नाहीं म्हणून तेथें नोंदविणाऱ्यास तो कोठेंच लागणार नाहीं, ही समजूत चुकीची आहे.

राज्य कोणतें यापेक्षां कंपनी कोणत्या जातीची, हा प्रश्न अधिक पैशाचा आहे, आणि दलाल त्याविषयीं बहुधा बोलत नाहींत. परदेशस्थ मनुष्यास दोनच वाटा: एल.एल.सी. किंवा कॉर्पोरेशन. (तिसरी एक 'एस' जातीची कॉर्पोरेशन असते, पण तींत अनिवासी परकीयास भागीदार होतां येत नाहीं.) कॉर्पोरेशनला स्वतःचा कर आहे. शंभर डॉलर नफा झाला तर राज्याचा कर सोडून २१ मध्यवर्ती सरकारास. उरलेले ७९ मालकास भारतांत लाभांश म्हणून पाठविले तर सन १९८९ च्या भारत-अमेरिका करारानें व्यक्तीस शेंकडा २५ प्रमाणें पावणेवीस डॉलर तेथेंच कापले जातात. हातीं सव्वा एकोणसाठ. या कापलेल्या पावणेवीस डॉलरांची वजावट येथील आयकरांत मागतां येते. एकाच मालकाच्या एल.एल.सी.स मात्र अमेरिकेचें आयकर खातें निराळी व्यक्ति मानीत नाहीं. तेथें धंदा चालत असेल तर तिच्या नफ्याचें पत्रक मालकानें स्वतःच्या नांवानें भरावयाचें. म्हणजे सांगलीच्या शेतकऱ्यानें अमेरिकेच्या खात्याचा करदाता व्हावयाचें.

याच एल.एल.सी.च्या बाबतींत शेजारच्या तालुक्यांतील एका तरुणावर काय गुदरलें तें मीं कागद पाहून लिहितों. त्यानें दलालामार्फत वायोमिंगची एल.एल.सी. काढली, तींत हजार डॉलर घातले, धंदा कांहीं झाला नाहीं. उत्पन्न नाहीं म्हणजे पत्रक नाहीं, असें त्यास वाटलें. दलालानेंहि वेगळें सांगितलें नाहीं. परंतु सन २०१७ पासून असा नियम आहे कीं, परकीय मालकाच्या एकमालकी एल.एल.सी.नें मालकाशीं झालेल्या प्रत्येक देवघेवीचें पत्रक, क्रमांक ५४७२ चें, दरसाल दिलें पाहिजे; आणि मालकानें भांडवल घालणें ही देखील देवघेवच. पत्रक न दिल्यास दंड २५,००० डॉलर. चूक कळल्यावर त्यानें तें उशिरा पाठविलें, तेव्हां दंडाची नोटीस आली. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर सव्वा एकवीस लाख रुपये होतात. त्या मुलाच्या घरची सारी जमीन तीन एकर आहे. सबळ कारण दाखवून दंडमाफी मागण्याची तरतूद आहे व त्याचा अर्ज चालू आहे, पण नोटीस आल्यापासून त्याच्या वडिलांनीं तालुक्यास येणें सोडलें. पत्रकावर भरावयाचे आंकडे चारच होते, आणि साधारण वर्षासाठीं त्याची मुदत पुढील १५ एप्रिलची असते, इतकेंच कोणी सांगितलें असतें तर पुरे होतें.

आयकर खात्याचा जो नऊ आंकडी क्रमांक वर सांगितला तो फुकट मिळतो. ज्याजवळ अमेरिकेचा वैयक्तिक क्रमांक नाहीं त्यास तो संगणकावरून मागतां येत नाहीं, फॅक्सनें वा टपालानें अर्ज करावा लागतो, एवढाच विलंब. त्यासाठीं दोनदोनशें डॉलर घेणारे आहेत. बँकेचें खातें मात्र खरोखर कठीण. कित्येक बँका मालकास समक्ष बोलावितात आणि एजंटाचा पत्ता कंपनीचा पत्ता म्हणून मानीत नाहींत.

आतां आपल्या सरकारचें अंग. भारतांत राहणाऱ्या मनुष्यानें परदेशी कंपनींत भाग घेणें ही गोष्ट सन २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांखालीं येते. दर आर्थिक वर्षांत माणशीं अडीच लक्ष डॉलरांची मर्यादा आहे. पैसे अधिकृत बँकेमार्फतच पाठवावे, बँकेंत ठराविक नमुना भरून रिझर्व्ह बँकेचा क्रमांक घ्यावा, भाग मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत द्यावा, आणि पुढें दरसाल तारीख ३१ डिसेंबरच्या आंत कामगिरीचा अहवाल द्यावा. मेहुण्यानें तिकडच्या तिकडे भांडवल भरलें, मग इकडे त्याच्या बहिणीस रुपये दिले, हा प्रकार घरांतला वाटला तरी कायद्यांत बसत नाहीं. येथील आयकराच्या पत्रकांतहि परदेशी मालमत्तेचा रकाना भरावा लागतो. तो चुकविल्यास सन २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यानें दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. आपल्या शेतकरी बांधवांस एक सवय असते कीं, शेतीच्या उत्पन्नास आयकर नाहीं म्हणून पत्रकच भरूं नये. हळद घरच्या शेतांतली असली तरी अमेरिकेंतील कंपनीकडून आलेला नफा हें शेतीचें उत्पन्न नव्हे. तसेंच, स्वतःच्याच कंपनीस माल देतांना परक्यास लावाल तोच भाव लावला पाहिजे. तो भाव दोन्ही सरकारें तपासतात.

एकदां बाहेर गेलेली नोंद परत आणणें सोपें नसतें. भागबाजाराचा धंदा करणारी ग्रो ही भारतीय कंपनी प्रथम डेलावेअरांत नोंदली होती. सन २०२४ सालीं ती स्वदेशीं परत आणतांना अमेरिकेस तेराशें कोटींहून अधिक रुपये कर द्यावा लागला. लहान माणसास रकम लहान लागेल, पण रीत तीच.

शेवटीं सभासदांस मीं विचारलें कीं, कंपनी कशासाठीं हवी? माल विकण्यासाठीं ती लागतेच असें नाहीं. निर्यातीचा क्रमांक आणि मसाला बोर्डाची नोंदणी असली कीं येथूनच अमेरिकेंतील आयातदारास माल देतां येतो. शेतकरी उत्पादक कंपनीसहि तें करतां येतें. जी खरी अडचण आहे ती कोणत्याहि राज्याच्या नोंदणीनें सुटत नाहीं. पूड करणारा कारखाना सन २००२ च्या कायद्यान्वयें अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याकडे नोंदवावा लागतो, दर सम वर्षीं आक्टोबर ते डिसेंबर या मुदतींत ती नोंद नवी करावी लागते, आणि तेथील आयातदारानें मालाच्या शुद्धतेची तपासणी ठेवावी लागते. सन २०१६ सालीं हळदीच्या पुडींत शिसें आढळल्यामुळें तेथें कित्येक विक्रेत्यांस माल परत मागवावा लागला होता. असा दावा उद्यां झाला तर मात्र मर्यादित जबाबदारीची कंपनी मध्यें असणें हें घरादारास मोठें कवच आहे, आणि कंपनी काढण्याचें खरें कारण असेल तर तें हेंच. तें कवच कोणत्याहि राज्याच्या नोंदणीनें मिळतें. पण कंपनीचा व घरचा पैसा एकत्र केला कीं कोर्ट तें काढूनहि घेतें.

गृहस्थांनीं चिरंजिवांस पुण्याहून बोलावून घेतलें. दोघांनीं मिळून असें ठरविलें कीं, या हंगामांत मेहुण्यांच्या ओळखीच्या आयातदारास येथूनच माल द्यावा, शिशाची तपासणी मान्य प्रयोगशाळेंतून करून घ्यावी, आणि पुढील वर्षीं मागणी टिकली तर न्यू जर्सींतच कॉर्पोरेशन नोंदवावी. मसाला बोर्डाकडे अर्ज गेला आहे. दलालाचें पत्रक अजून मजजवळच आहे. कोणास पाहावयाचें असल्यास पुढील सभेच्या दिवशीं मागून घ्यावें.